पेपरवर नावापुढे डिग्री काय लिहायची? पहिल्यांदा सबमिट करणाऱ्यांसाठी

मेडिकल रिसर्च पेपर लिहून झाला, टेबलं जुळली, रेफरन्स पण कसेबसे लाइनीत बसले आणि मग सबमिशनच्या रात्री टायटल पेजवर गाडी अडते. कोणाच्या नावापुढे काय लिहायचं? गाइड सरांनी मेसेजमध्ये आपली अख्खी सही पाठवलेली असते, एमबीबीएसपासून सुरू होऊन तीन फेलोशिप, दोन मेंबरशिप आणि शेवटी प्रोफेसर अँड हेड. स्टॅटिस्टिक्सवाल्या मॅडमनी नुसतं नाव पाठवलंय. ज्युनियर विचारतोय की माझं एमडी चालू आहे तर कंसात 'अपिअर्ड' टाकू का. मी बरीच वर्षं लोकांची मॅन्युस्क्रिप्ट सबमिशनसाठी तयार करून देते आणि खरं सांगते, रिझल्ट सेक्शनबद्दल जेवढे फोन येत नाहीत तेवढे या एका ओळीबद्दल येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. दवाखान्याच्या दारावरची पाटी तुमची असते, तिच्यावर काय रंगवायचं ते तुम्ही ठरवता. पेपरवरची जागा जर्नलची असते. तिथे तुम्ही काय काय कमावलंय याची यादी कोणाला नकोय, वाचणाऱ्याला एवढंच कळायला हवं की हा माणूस डॉक्टर आहे, नर्स आहे, संख्याशास्त्रवाला आहे की आणखी कोणी. तेवढं कळलं की बाकीची अक्षरं नुसती गर्दी. हे एकदा पटलं की पुढचे अर्धे वाद होतच नाहीत.

आणि हो, डिग्रीचा ऑथरशिपशी काही संबंध नाही. आयसीएमजेई, म्हणजे मेडिकल जर्नलच्या एडिटर लोकांची कमिटी, तिच्या लेखक म्हणून नाव लागण्यासाठी चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा गंभीरपणे तपासण्यात सहभाग, शेवटच्या कॉपीला मंजुरी, आणि कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही पूर्ण पाहिजेत. यात कुठेही 'किमान एमडी' असं म्हटलेलं नाही. त्यामुळे डेटासाठी वर्षभर राबलेल्या माणसाला डिग्री छोटी म्हणून खाली आभारात ढकलू नका, आणि डिग्री मोठी म्हणून कोणाला वर घेऊ नका.

पायरी १: आधी जर्नल, मग डिग्री

लोक उलटं करतात. आधी सगळ्या डिग्र्या टाइप करून ठेवतात आणि मग जर्नल शोधतात.

वर सांगितलेली आयसीएमजेई इथे पण येते. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरला काही एडिटर जमले त्यातून ती निघाली, आपण रेफरन्सची जी व्हँकूव्हर स्टाइल म्हणतो तिचं नाव तिथूनच आलं. यांच्या शिफारशींमध्ये टायटल पेजबद्दल लिहिलंय की प्रत्येक लेखकाची सर्वोच्च शैक्षणिक पदवी द्यावी, आणि त्याच वाक्यात हेही की काही जर्नल ती छापत नाहीत. म्हणजे माहिती सगळ्यांची तयार ठेवायची, छापायची की नाही ते जर्नल बघेल.

आणि छापायच्या तऱ्हा किती वेगळ्या आहेत बघा. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन नावापुढेच डिग्री देतं, पण टिंबं घालून, म्हणजे एम.डी., पीएच.डी. अशी. एमबीबीएस असेल तर ते त्याचे दोन तुकडे करतात, एम.बी. स्वल्पविराम बी.एस. हे पाहून एकदा एक रेसिडेंट घाबरला होता की माझी डिग्री तोडली यांनी. जामा (अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं जर्नल) आणि त्याच्या भावंड जर्नलमध्ये टिंबं नाहीत, एमडी, पीएचडी, एमपीएच (पब्लिक हेल्थची मास्टर्स) असं सरळ. लॅन्सेटमध्ये वर नुसती नावं आणि डिग्री पत्त्यांच्या यादीत कंसात, लेखकाच्या आद्याक्षरांसोबत, प्रोफेसर असाल तर तेही तिथेच. बीएमजेने, म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नलने, वर्षानुवर्षं डिग्रीऐवजी माणूस काय काम करतो ते मागितलंय, कन्सल्टंट, रिसर्च फेलो असं. आणि नेचरसारख्या विज्ञानाच्या जर्नलमध्ये नावापुढे काहीच नसतं, तिथे नोबेलवाला आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी एकाच ओळीत सारखेच दिसतात. (मला ते आवडतं, पण माझ्या आवडीला कोण विचारतंय.)

करायचं काय तर तुमच्या जर्नलचं 'इन्स्ट्रक्शन्स फॉर ऑथर्स' पान उघडा, त्यात 'टायटल पेज' हा भाग वाचा, आणि तेवढ्यावर थांबू नका कारण ही पानं बरेचदा अर्धवट असतात. त्याच जर्नलमधले गेल्या दोन-तीन महिन्यांतले तीन पेपर उघडा, तुमच्याच प्रकारचे, म्हणजे तुमची केस रिपोर्ट असेल तर केस रिपोर्टच, कारण एकाच जर्नलमध्ये ओरिजिनल आर्टिकल आणि लेटर यांची पद्धत वेगळी असू शकते. त्या तिघांमध्ये नावं कशी छापलीत ते डोळ्यांनी बघा. नियम वाचण्यापेक्षा हे लवकर समजतं.

पेपर रिजेक्ट होऊन दुसरीकडे पाठवताय तर टायटल पेज नव्याने करा. जुन्या जर्नलची टिंबं घेऊन नव्या दारात उभं राहिलेलं एडिटरला लगेच दिसतं, आणि 'हा पेपर आधी कुठेतरी आपटून आलाय' हे न सांगता कळतं.

पायरी २: सगळ्यांकडून एकदाच मागवा

को-ऑथर आठ असले की आठ प्रकारे माहिती येते. म्हणून मी एक मेसेज ठरवून ठेवलाय, तोच ग्रुपवर टाकते, तुम्ही पण उचला:

"नमस्कार सर/मॅडम, पेपर सबमिट करतोय. कृपया एवढं पाठवा: १) नाव, जसं छापून यायला हवं तसं अक्षरशः, आडनाव कोणतं ते वेगळं सांगा. २) मिळालेल्या डिग्र्या, सर्टिफिकेटवर आहेत तशा. चालू असलेल्या वेगळ्या लिहा. ३) काम झालं तेव्हाचं डिपार्टमेंट आणि संस्था, आता बदललं असेल तर तेही. ४) ईमेल, जो तुम्ही खरंच उघडता. ५) ओआरसीआयडी नंबर (संशोधकाचा कायमचा ओळख नंबर). यातल्या सगळ्या डिग्र्या छापल्या जातीलच असं नाही, जर्नलच्या नियमाप्रमाणे कापाव्या लागतील."

शेवटचं वाक्य अजिबात काढू नका. आधी सांगितलं की कोणी रागवत नाही, नंतर कापलं की रामायण होतं. नंबर दोनमध्ये मुद्दाम सगळ्या मागवायच्या, कारण काय ठेवायचं ते निवडताना समोर पूर्ण यादी हवी, नाहीतर मग रात्री अकराला फोन करून 'मॅडम तुमचं एमपीएच कधी झालं' विचारत बसावं लागतं.

पायरी ३: चाळणी

हा मुख्य भाग. इथे मी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या स्टाइल मॅन्युअलची पद्धत धरते, ज्याला सगळे एएमए स्टाइल म्हणतात, त्याची अकरावी आवृत्ती २०२० साली आली. बऱ्याच मेडिकल जर्नलचा पाया तोच आहे, त्यामुळे जर्नलने काहीच सांगितलं नसेल तर हे धरून चाला, कोणी नावं ठेवणार नाही.

डॉक्टरेट लेव्हलची डिग्री असेल तर ती ठेवा. दोन असतील, एमडी आणि पीएचडी, तर दोन्ही ठेवा, क्रम ज्याचा त्याने ठरवायचा. डॉक्टरेट असताना खालच्या मास्टर्स आणि बॅचलर्स साधारणपणे जातात. अपवाद असा की मास्टर्स वेगळ्याच विषयातली असेल आणि पेपरच्या दृष्टीने काही सांगत असेल, जसं एमडी असलेल्या माणसाचं एमपीएच, तर ती राहते. बीएस्सी झालं, त्यावर एमएस्सी झालं, त्यावर पीएचडी झालं, तर फक्त पीएचडी. ही शिडी आहे, वर पोचल्यावर खालच्या पायऱ्या मोजून दाखवायच्या नसतात.

बॅचलर्स हीच सर्वात वरची डिग्री असेल तर ती लिहायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी अशा आरोग्य क्षेत्रातल्या व्यावसायिक पात्रता आणि लायसन्सनाही जागा मिळते, मास्टर्सच्या खालच्या असल्या तरी.

आता एमबीबीएसचा घोळ. नावात 'बॅचलर' आहे म्हणून 'बॅचलर्स काढा' हा नियम लावून लोक ती उडवतात आणि मग डॉक्टरच्या नावापुढे नुसतं एमपीएच उरतं, म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं हे पब्लिक हेल्थवाले आहेत, डॉक्टर नाहीत. असं करू नका. एमबीबीएस ही डॉक्टर म्हणून काम करायची मूळ डिग्री आहे, बॅचलर शब्द जुन्या परंपरेने चिकटलाय एवढंच. तिचीच वेगवेगळी स्पेलिंग जगभर फिरतात, एमबी सीएचबी, केंब्रिजची एमबी बीचिर, ऑक्सफर्डची बीएम बीसीएच, आयर्लंडची एमबी बीसीएच बीएओ. सगळ्या एकाच जातीच्या. जामामध्ये 'एमबीबीएस, एमपीएच' अशी नावं सर्रास दिसतात.

मग एमबीबीएसवर एमडी केलेल्याने दोन्ही लिहायच्या का? काटेकोर नियमाने एमडी पुरे. पण एमएस असेल तर मी एमबीबीएस ठेवायला सांगते, कारण पुढे येतंय.

फेलोशिप. इथेच सगळ्यात जास्त मनं दुखावतात. एएमए पद्धतीत अमेरिकन कॉलेजांच्या फेलोशिप, एफएसीपी, एफएसीएस वगैरे, नावापुढे छापत नाहीत. पण कॅनडाची एफआरसीपीसी किंवा ब्रिटिश एफआरसीएस यासारख्या, ज्या परीक्षांच्या मालिकेतून मिळतात, त्या छापतात. लक्षात ठेवायला मी सोपं करून सांगते: परीक्षा देऊन मिळालीय की निवड होऊन मिळालीय? परीक्षा असेल तर बहुतेक राहते, निवड असेल तर बहुतेक जाते. यातही गंमत आहेच, लंडनच्या रॉयल कॉलेजची एमआरसीपी परीक्षा देऊन मिळते आणि तिच्या वरची एफआरसीपी मात्र नामांकनाने, त्यामुळे सर 'फेलो मोठं की मेंबर मोठं' असं विचारायला लागले तर चहा मागवा, उत्तर लांबणार आहे.

मानद डॉक्टरेट काढा. सोसायटीची लाइफ मेंबरशिप काढा. गोल्ड मेडल काढा (हो, पाठवतात). तीन दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट काढा. प्रोफेसर, एचओडी, डीन हे हुद्दे आहेत, डिग्री नाहीत, जर्नलने वेगळे मागितले तरच द्या.

नावाआधी 'डॉ.' पण काढा. नंतर एमडी येणारच आहे, मग दोनदा कशाला सांगायचं. ब्रिटनमध्ये तर सर्जन लोक आजही स्वतःला डॉक्टर न म्हणता मिस्टर किंवा मिस म्हणवतात, कारण जुन्या काळी सर्जन विद्यापीठाची डिग्री न घेता शिकाऊ म्हणून तयार व्हायचे, आणि आता तीच सवय मानाची झालीय.

तीच अक्षरं, वेगळा अर्थ

ही वेगळी पायरी नाही पण इथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण चाळणी नीट लावून पण माणूस चुकीचा दिसू शकतो.

एमएस. सर्जरीमध्ये मास्टर्स केलेला माणूस अभिमानाने नुसतं एमएस लिहितो. अमेरिकेतल्या वाचकाला एमएस म्हणजे मास्टर ऑफ सायन्स, बॉटनी पण असू शकतं. म्हणजे ज्याने ऑपरेशन केलंय त्यालाच वाचक डॉक्टर समजत नाही. उपाय एकच, 'एमबीबीएस, एमएस' असं दोन्ही लिहायचं. कॉपी एडिटरने एमबीबीएस उडवली तर प्रूफमध्ये, म्हणजे छापण्याआधी तपासायला येते त्या कॉपीत, एका ओळीत कारण सांगा, बहुतेक ऐकतात.

एमडी सुद्धा सगळीकडे एक नाही. अमेरिकेत ती डॉक्टर व्हायची पहिलीच डिग्री, भारतात एमबीबीएसनंतरची स्पेशालिटीची, ब्रिटनमध्ये संशोधन करून मिळवायची. पण याला काही करायचं नाही, सगळ्या अर्थांनी माणूस डॉक्टरच ठरतो ना, मग झालं. फक्त 'एमडी (जनरल मेडिसिन)' असं कंसात विषय घालू नका. विषय तुमच्या डिपार्टमेंटच्या नावातून कळतो.

डीओ म्हणजे अमेरिकेत डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, एमडीच्या बरोबरीची, आणि इतर ठिकाणी डोळ्यांचा डिप्लोमा. डीपीएम म्हणजे एकीकडे पायांचे डॉक्टर, एकीकडे मानसोपचाराचा डिप्लोमा. म्हणून डिप्लोमा हीच तुमची वरची पात्रता असेल तर तो एकटा सोडू नका, आधी एमबीबीएस लिहा मग डिप्लोमा.

ऑक्सफर्डवाले पीएचडीला डीफिल म्हणतात. ते तसंच लिहायचं, आपल्या मनाने पीएचडी करायचं नाही. तसंच परदेशी वाचकाला कळावं म्हणून एमबीबीएसचं एमडी करायचं नाही, कितीही 'इक्विव्हॅलंट' असलं तरी. सर्टिफिकेटवर जी अक्षरं आहेत तीच पेपरवर.

जी अजून मिळाली नाही ती

अपिअर्ड, परस्यूइंग, कँडिडेट, पीएचडीच्या पुढे कंसात सी, यातलं काहीही डिग्री नाही. मेडिकल स्टुडंट असाल आणि आधीची बीएस्सी वगैरे असेल तर ती लिहा. काहीच नसेल तर जागा मोकळी सोडा. मोकळ्या जागेला लोक उगाच घाबरतात. संख्याशास्त्रातल्या ज्या टी-टेस्टशिवाय निम्मे मेडिकल पेपर उभे राहत नाहीत तिचा मूळ लेख १९०८ साली बायोमेट्रिका जर्नलमध्ये आला तेव्हा त्यावर डिग्री तर सोडाच, लेखकाचं नावही नव्हतं, नुसतं 'स्टुडंट' छापलं होतं. ते होते विल्यम गॉसेट, गिनेस ब्रुअरीत नोकरी करायचे.

आता पेशंटही को-ऑथर असतात, आजाराचा अनुभव घेऊन अभ्यासाच्या रचनेत खरंच हातभार लावलेले. त्यांच्या नावापुढे मोकळीच जागा ठेवा किंवा त्यांची जी काही डिग्री असेल ती, मग ती कॉमर्सची का असेना. 'पेशंट ॲडव्होकेट' वगैरे ॲफिलिएशनच्या, म्हणजे संस्थेच्या, जागी जाऊ शकतं, डिग्रीच्या जागी नाही.

सबमिशन आणि छपाई यामध्ये कधी सहा महिने जातात कधी वर्ष, तेवढ्यात रिझल्ट लागून डिग्री मिळाली तर रिव्हिजनच्या वेळी किंवा प्रूफमध्ये बदलून घ्या, कव्हर लेटरमध्ये एक ओळ लिहा की अमुक लेखकाला आता अमुक डिग्री मिळाली. ॲफिलिएशनचं मात्र असं नसतं बरं का, काम जिथे झालं ती संस्था तशीच राहते, नवी नोकरी लागली असेल तर ती 'सध्याचा पत्ता' म्हणून वेगळी देतात. हे दोन नियम लोक एकमेकांत मिसळतात.

आणि जी मिळालीच नाही ती लिहायची नाही हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. २०१० साली ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या एका कॅन्सर संशोधकाने ऱ्होड्स स्कॉलर (ऑक्सफर्डची नावाजलेली शिष्यवृत्ती मिळालेला) असल्याचं खोटंच लिहिलंय हे बाहेर आलं. त्याच्या डेटाबद्दल शंका आधीपासून होत्या, पण या खोट्या ओळीनंतर सगळ्यांनी कान टवकारले, मग पेपर मागे घेतले गेले आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी चौकशीत गैरप्रकार झाल्याचा निष्कर्ष निघाला.

पायरी ४: क्रम आणि स्वल्पविराम

डॉक्टर लोकांसाठी सोपं आहे, वैद्यकीय डिग्री आधी आणि बाकीच्या नंतर, किंवा लेखकाची इच्छा. नर्सिंगमध्ये मात्र ठरलेला क्रम आहे. अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटर सांगतं की आधी सर्वोच्च डिग्री, मग लायसन्स म्हणजे आरएन (रजिस्टर्ड नर्स), मग राज्याने दिलेलं पद, मग राष्ट्रीय सर्टिफिकेशन, मग सन्मान. त्यामागचा विचार छान आहे: जे तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही ते नावाला सर्वात जवळ. डिग्री कायमची, लायसन्स रिन्यू करावं लागतं, सर्टिफिकेशनची मुदत संपते. म्हणून 'पीएचडी, आरएन' बरोबर, उलटं नाही. पण जर्नल वेगळं सांगत असेल तर जर्नल जिंकतं.

नाव आणि डिग्रीमध्ये स्वल्पविराम, दोन डिग्र्यांमध्ये स्वल्पविराम, आणि मग दोन लेखकांमध्ये काय? तिथेच घोटाळा होतो, सगळीकडेच स्वल्पविराम टाकले तर कुठे माणूस संपला कळत नाही. म्हणून जामासारखी जर्नल दोन लेखकांच्या मध्ये अर्धविराम देतात. टिंबं घालायची की नाही ते एकदा ठरवा आणि सगळ्यांना एकच लावा, अर्ध्यांना टिंबं आणि अर्धे बिनटिंबाचे असं पान बघितलं की माझं डोकं दुखतं.

पायरी ५: वेबसाइटवर भरताना

पेपर सबमिट करायची साइट एडिटोरियल मॅनेजर असो नाहीतर स्कॉलरवन, दोन्हीत डिग्रीसाठी वेगळा रकाना असतो. डिग्री तिथेच. आडनावाच्या रकान्यात आडनाव स्वल्पविराम एमडी असं लिहिलं तर मशीनला ते सगळंच आडनाव वाटतं. मग होतं काय की तुमचा पेपर छापून येतो, कुठल्यातरी डेटाबेसमध्ये लेखकाचं आडनाव 'एमडी' पडतं आणि तुमचं खरं नाव आद्याक्षर होऊन मागे जातं, शोधणाऱ्याला तुम्ही सापडतच नाही आणि तुमची सायटेशन भलत्याच्याच खात्यावर.

आतली रचना समजली तर का ते कळेल. छापखान्याकडे पेपर जातो तो एक्सएमएल फाइलमधून, जॅट्स नावाच्या ठरलेल्या पद्धतीने, आणि तिच्यात आडनावाचा टॅग वेगळा, दिलेल्या नावाचा वेगळा, डिग्रीचा वेगळा. तुम्ही जिथे टाकाल तिथे ते जाऊन बसतं. पबमेड या मेडिकल पेपरांच्या डेटाबेसमध्ये तर डिग्री घेतच नाहीत, आडनाव आणि नाव किंवा आद्याक्षरं बस, ज्युनियर किंवा तिसरा असं पिढी सांगणारं काही असेल तर तेवढं ठेवतात. रेफरन्स लिस्टमध्ये पण म्हणूनच कोणाच्याच नावाला डिग्री नसते, तुम्ही पण लावू नका, मी लावलेल्या पाहिल्यात. म्हणजे ज्या अक्षरांवरून ग्रुपवर भांडण झालं ती पेपरच्या पहिल्या पानाबाहेर फारशी जातच नाहीत!

एक खास इशारा ज्यांचं नाव मोहम्मद आहे आणि जे ते एम-डी अशा दोन अक्षरांत लिहितात त्यांच्यासाठी. सॉफ्टवेअर आणि घाईतला कॉपी एडिटर दोघंही त्याला डिग्री समजून उचलून मागे टाकतात किंवा सरळ खोडतात. शक्य असेल तर नाव पूर्ण लिहा, नाहीतर प्रूफमध्ये पहिलं ते बघा.

जुनं अकाउंट असेल तर जुनी डिग्री तशीच पडून असते. तीन वर्षांपूर्वी रेसिडेंट असताना भरलेलं तेच नव्या पेपरला येऊन चिकटतं. लॉग इन करून प्रोफाइल आधी दुरुस्त करा, को-ऑथरना पण सांगा.

ओआरसीआयडी काढलं नसेल तर काढा, फुकट आहे, २०१२ पासून चालू आहे, सोळा अंकांचा नंबर मिळतो (शेवटचा कधीकधी एक्स असतो, चूक समजू नका). नाव बदललं, संस्था बदलली, सारख्या नावाचे दहा जण असले तरी नंबर तुमचाच. आणि ज्यांना सगळ्या डिग्र्या, फेलोशिप, मेंबरशिप कुठेतरी दाखवायच्याच आहेत त्यांच्यासाठी तिथे शिक्षण, पात्रता, सदस्यत्व असे वेगवेगळे भाग आहेत, हवं तेवढं भरा. रुसलेल्या सरांना मी हेच सांगते आणि नव्वद टक्के वेळा काम होतं. (हा आकडा माझ्या मनाचा आहे, पेपरमध्ये टाकू नका.)

रिव्ह्यू डबल ब्लाइंड असेल, म्हणजे लेखक आणि तपासणारे यांना एकमेकांची नावं कळू द्यायची नसतील, तर टायटल पेजची फाइल वेगळी, मुख्य फाइलमध्ये नाव, डिग्री, संस्था काहीही नको. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये पण तुमचं नाव लपलेलं असतं, ते काढा. सप्लिमेंटच्या फाइलच्या नावात आडनाव असतं, ते कोणाच्याच लक्षात येत नाही.

आभाराच्या भागात ज्यांची नावं घेताय त्यांच्या डिग्र्या एएमए पद्धतीत लागतात, सोबत संस्था आणि त्यांनी काय केलं ते. आणि त्यांची लेखी परवानगी. ती आधीच घेऊन ठेवा.

पायरी ६: प्रूफ

ॲक्सेप्ट झाल्याच्या आनंदात लोक प्रूफ नुसतं चाळतात, ग्राफ बघतात आणि ओके करून टाकतात. प्रूफला वेळ पण कमी देतात. मी काय करते, पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकते आणि प्रत्येकाला फक्त स्वतःचं नाव, डिग्री आणि संस्था वाचून 'बरोबर' असं टाइप करायला लावते. अंगठा चालत नाही, शब्दच पाहिजे, कारण अंगठा लोक न वाचता देतात. करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, एकटा आठ जणांच्या डिग्र्या तपासू शकत नाही, त्याला माहीत पण नसतात.

छापून आल्यावर चूक सापडली तर करेक्शन निघतं, जामाच्या जर्नलमध्ये चुकीच्या डिग्रीसाठी काढलेली करेक्शन तुम्हाला शोधली तर सापडतील. त्यात नामुष्की काही नाही पण ती नोटीस तुमच्या पेपरला कायमची जोडलेली राहते. म्हणून चूक खरी असेल, म्हणजे नसलेली डिग्री छापली गेली किंवा दुसऱ्याची तुमच्या नावावर पडली, तर लगेच एडिटोरियल ऑफिसला मेल करा, पेपरचा नंबर, काय छापलंय आणि काय हवंय हे तीन ओळीत. पण 'माझी फेलोशिप राहिली' म्हणून मेल करणार असाल तर आधी त्या जर्नलचे तीन पेपर परत उघडून बघा, त्यात कोणाच्याच नावापुढे फेलोशिप नसेल तर मेल ड्राफ्टमध्येच राहू द्या.